दांडा 'पी'वरच होता

शोरूममधल्या पोरीने मला आधी गार पाणी दिलं, मग गोड आवाजात विचारलं, "कोणती गाडी बघायची आहे मॅडम?"

"बघायची नाही," मी म्हटलं. "तुमची एक गाडी म्हातारीला चिरडून आलीय. तिचं विचारायचंय."

पोरीचं हसू जागच्या जागी वाळलं. ती काचेच्या दाराआड गेली आणि वर्कशॉपच्या मॅनेजरला घेऊन आली. शिंत्रे त्याचं नाव, शर्टाच्या खिशावर लिहिलेलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी बेदाण्याच्या शेडमधून अर्धी सुट्टी टाकून एसटीने सांगलीला आले होते. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिचा वास साडीला येत होता, तो त्याच्या एसीत चांगलाच फैलावला असणार.

"तुम्ही कोण त्या आजींच्या?"

"आजींची कोणी नाही. ड्रायव्हरची बायको."

"मग तुम्ही वकिलाकडे जा ना बाई. इथं काय?"

"वकिलाला गिअरातलं कळत नाही. तुम्हाला कळतं."

आज त्याला बरीच वर्षं झाली. त्या वेळी माझा नवरा सदाशिव ऐवळे तासगावात शशिकांत मगदूमांची गाडी चालवायचा. मगदूम बेदाण्याचे व्यापारी, स्वतःचं कोल्ड स्टोरेज, सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा. मी त्याच स्टोरेजच्या शेडमध्ये बायकांच्या ओळीत बसून बेदाणा निवडायची. राहायला शेडमागची खोली. पगार अण्णांचा, छप्पर अण्णांचं, मुलीच्या शाळेचा दाखलाही अण्णांच्या ओळखीने. असं सगळं एकाच दावणीला बांधलं की माणूस मान हलवायची ती फक्त वरखालीच हलवतो.

अण्णांच्या मुलीचं लग्न होऊन आठवडाही गेला नव्हता. सदाने अण्णांच्या आईंना, मोठ्याबाईंना, देवळातून आणलं. बंगल्याच्या दारात जरा चढउतार आहे. बाईंचा पाय नीट पायरीवर पडावा म्हणून त्याने गाडी हातभर मागे घेतली. गाडी नवी, ऑटोमॅटिक, क्लच नाही. गिअरचा दांडा 'पी' अक्षरावर टाकला की चाकं जाम होतात, हँडब्रेकचंही काम नाही, असं गाडी देताना सांगितलेलं. त्याने दांडा 'पी'वर टाकला. इंजिन चालू ठेवलं, कारण अण्णांना लगेच बाहेर पडायचं होतं आणि तापलेल्या गाडीत अण्णा बसत नसत. खाली उतरून दार उघडलं. बाई उतरल्या आणि डिकीतली पूजेची टोपली घ्यायला मागे गेल्या.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर असताना म्हातारी कशाला मागे गेली? भाजी, पोती, गॅसची टाकी, सगळं सदा उचलायचा. देवाची टोपली नाही. आमच्या हाताची टोपली त्यांच्या देवघरात चालत नव्हती. मोठ्याबाई सदाला 'बाळ' म्हणायच्या, त्याच्या ताटात स्वतः वाढायच्या, ते ताट मात्र बाहेरच्या मोरीवर वेगळं ठेवलेलं असायचं. दोन्ही खरं. म्हणून तो दाराशी उभा राहिला आणि त्या मागे गेल्या. एसीचा आवाज वाढला, त्यासरशी इंजिनने जोर धरला, चढाला अडून राहिलेली गाडी हलली, आणि तशीच मागे सरकत जाऊन बाईंना फाटकाच्या खांबावर दाबून थांबली.

सदाने उडी मारून आत जाऊन ब्रेक दाबला. दांडा 'पी'वरच होता. हे त्याने फौजदाराला सांगितलं. फौजदार हसला.

"पीवर असती तर हलली असती का रे? येडा समजतो का आम्हाला? रिव्हर्समध्ये सोडून उतरलास आणि मग गडबडीत दांडा ढकललास."

सगळ्यांनी हेच मानलं. काही दिवसांनी सदासुद्धा म्हणायला लागला, "ढकललाबी असंल मी. डोस्कं ठिकानावर कुठं हुतं?"

कोर्टाची तारीख लागली. अण्णा फिर्यादी, आणि सदाचा वकील दिलेला अण्णांनीच. असला तमाशा आमच्याच नशिबी. वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, जज्ज दया दाखवतील. सदा हो म्हणाला. आणि तारखेच्या दोन दिवस आधी मला बाजारात गफूरभाई भेटला. तो एका डॉक्टरांकडे तसलीच गाडी चालवायचा.

"भाभी, आमची गाडी कंपनीनं परत बोलावली होती," तो मेथीची जुडी झटकत म्हणाला. "गिअरचा एक बुश खराब निघतो म्हणे. बदलून दिला, फुकट. सदाच्या गाडीचं नाही झालं का?"

बाजार तिथेच टाकून मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सांगली गाठली.

शिंत्रे बराच वेळ नाही नाही म्हणत राहिला. मग म्हणाला, "चहा घेणार?" आणि चहा येईपर्यंत त्याने ड्रॉवरमधून एक प्लास्टिकची कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी.

"तो बुश हाच?"

"हाच. दांड्याची वायर या कडीने गिअरबॉक्सला धरलेली असते. कडी झिजली की वायर निसटते. दांडा पीवर जातो, आतला गिअर जागेवरच राहतो."

"म्हणजे दांडा पीवर आणि गाडी रिव्हर्सला?"

"होऊ शकतं. म्हणून तर रिकॉल आहे. त्या महिन्यात निघालेल्या सगळ्या गाड्या बोलावल्यात."

मला हसू आलं का रडू, आठवत नाही. मी त्याचा हात धरला. "साहेब, एवढंच कोर्टात येऊन सांगा. तुमच्या पाया पडते."

त्याने हात सोडवून घेतला. काँप्युटरवर काहीतरी बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तुमच्या भल्याचं सांगतो, हे उकरू नका. त्या गाडीसाठी आमचा फोन गेला होता. लग्नाच्या आधी. दोनदा."

"कुणाला?"

"सदाशिव ऐवळे. नंबर त्यांचाच दिलाय. सगळे मालक ड्रायव्हरचाच देतात, सर्व्हिसिंगचे फोन कोण घेत बसतंय. पहिल्यांदा म्हणाले विचारून सांगतो. दुसऱ्यांदा म्हणाले, लग्न झाल्यावर आणतो."

चहाचा कप मी तसाच बशीत ठेवला.

"आता बघा," तो म्हणाला, "हे कोर्टात आलं की काय होईल? गाडी धोक्याची आहे हे ठाऊक असलेला माणूस कोण? फोन घेतलेला. नाही म्हणालेला कोण? तोच. आज निष्काळजीपणा आहे, उद्या जाणूनबुजून होईल."

"तो मालकाला विचारल्याशिवाय गाडीत हवासुद्धा भरत नाही."

"ते आमच्याकडे कुठं नोंदवलेलं असतं?"

मी उठले. दारापर्यंत गेले आणि एक सुचलं म्हणून मागे वळले. "ती गाडी अजून तशीच आहे?"

"नाही. पोलिसांकडून सुटली त्याच आठवड्यात काम करून नेली. अर्ध्या तासाचं काम. मालक स्वतः चालवत घेऊन आले होते. ते असं पहिल्यांदाच आले."

एसटीत मला जागा मिळाली नाही. बरं झालं. बसले असते तर उठले नसते.

सदा स्टोरेजच्या अंगणात तीच गाडी धूत होता. जामिनावर सुटल्यापासून अण्णांनी त्याला चालवायला दिली नव्हती, धुवायला दिली होती. तो डिकीच्या दारावरून कपडा फिरवत होता, जिथून फिरवायला माझा हात झडला असता.

"फोन आला हुता तुम्हाला?" मी विचारलं. "शोरूमचा?"

कपडा थांबला नाही. "आला हुता."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"तुला सांगून काय, तू काय गाडीची मालकीण हायस?"

"अण्णांना सांगितलं?"

"त्याच सांजंला. म्हनलो, अण्णा, गाडी शोरूमला न्यायला पायजे, गिअरात खोट हाय म्हनत्यात. आन् मलाबी दांडा सैल लागतोय. अण्णा म्हनले, आता? पावन्यांची ने-आन काय तुझ्या सायकलीवरनं करू? लगीन झाल्यावर ने." त्याने कपडा पिळला. "सगळी हसली. मीबी हसलो."

"हँडब्रेक तरी ओढायचा!"

"एकदा ओढलेला तसाच ऱ्हायला न् गाडी पळवली, ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास आला. तवापास्नं अण्णांनी हँडब्रेकला हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलंय."

"हे वकिलाला सांगितलं?"

"वकील कुनाचा हाय?"

पाण्याची बादली लाथाडावीशी वाटत होती. "मग न्हाई म्हणायचं हुतं अण्णांना. ही गाडी चालवत न्हाई म्हणायचं."

आता त्याने माझ्याकडे बघितलं. "ड्रायवरनं न्हाई म्हनलं की गाडी थांबत न्हाई, मालन. दुसरा ड्रायवर येतो."

"मग उद्या जाऊन कबूल म्हणणार तुम्ही. न केलेलं."

"न केलेलं कसं? मला ठावं हुतं दांडा सैल हाय. तरी म्हातारीला त्यात बसवून फिरवली. म्हंजे मीबी मारलंच की."

"मीबी? मग दुसरा कोण?"

तो परत पुसायला लागला. मी त्याच्या हातातला कपडा हिसकावून घेतला आणि तशीच ओल्या हाताने अण्णांच्या ऑफिसात गेले.

अण्णा टेबलावर नमुन्याचा बेदाणा पसरून बघत होते. आईच्या दिवसांत काढलेले केस नुकते उगवलेले, त्यामुळे एखाद्या आजारी पोरासारखे दिसत होते. मला बघून म्हणाले, "ये मालन. उद्याचं काय काळजी करू नको. वकील बोललाय माझ्याशी. सदाची नोकरी कायम. आणि तुझ्या पोरीला पुढं नर्सिंगला घालायचं, ते माझ्याकडं लागलं."

"मी सांगलीला गेले हुते अण्णा. शोरूमला."

त्यांच्या बोटातला बेदाणा दबला. ते उठले, मला वाटलं अंगावर येतात. पण ते दाराकडे गेले, व्हरांड्यात डोकावून बघितलं आणि दार लोटलं. व्हरांड्यात त्यांच्या बहीण सुलूताई वाळवण उलटत बसल्या होत्या. कोर्टासाठी त्या इचलकरंजीहून आल्या होत्या.

"हळू बोल," अण्णा म्हणाले.

"का? मी काय चोरी केलीय?"

"हळू बोल म्हणतो ना!"

"तुम्ही गाडी स्वतः नेलीत. कडी बदलून आणलीत. म्हणजे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे दांडा पीवर होता. आणि त्याला कबूल म्हणायला लावताय."

"फोन कुणाला आला होता?" त्यांनी शांतपणे विचारलं. म्हणजे त्यांचाही हिशेब आधीच होऊन बसला होता.

"आणि लग्न झाल्यावर ने, कोण म्हणालं?"

"कोण साक्ष देणार?"

"साक्ष मरू दे अण्णा. इथं कोण नाही. तुम्ही मला सांगा. तुमच्या आईला कुणी मारलं?"

ते खुर्चीत बसले. मी वाट बघत होते की शिवी येईल, गड्याला हाक जाईल. काहीच झालं नाही. ते बेदाण्याच्या ढिगाकडे बघत राहिले.

"चार पाहुण्यांना स्टँडवरनं आणायचं होतं," ते म्हणाले. "दुसरी गाडी भाड्यानं मिळाली असती. सहज मिळाली असती." मग एकदम माझ्याकडे बघून, "सुलूला हे सांगू नको."

तेव्हा मला कळलं की हा माणूस कोर्टाला भीतच नाही. त्याला घरात दाखवायला एक गुन्हेगार पाहिजे, रोज समोर गाडी धुणारा, म्हणजे जेवणाच्या ताटावर कुणी अण्णांकडे बघणार नाही.

"मग तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"उद्या सदा कबूल म्हणाला की मिटलं. तुमचं मिटलं, आमचंही मिटलं."

"आमचं कुठनं मिटलं? माझी पोरगी शाळेत खुन्याची पोरगी आहे."

माझा आवाज चढला असणार, कारण दार उघडून सुलूताई आत आल्या. "काय गं? नवरा सुटावा म्हणून पाया पडायला आलीस?"

"ताई, शोरूमचा एक फोन..."

"सुलू, तू बाहेर थांब," अण्णा म्हणाले.

"माझी आई आणून दे, मग सोडवते तुझा नवरा," ताई म्हणाल्या. "दहा बोटांनी वाढायची ती त्याला. त्याला उतरताना गिअर बघायला झालं काय होतं? डोळे फुटले होते?"

"ताई, ऐका तरी..."

"मला तुझं तोंड बघायचं नाही. चल नीघ."

मी अण्णांकडे बघितलं. एक शब्द. त्या क्षणी त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी त्यांना सगळं माफ केलं असतं. ते बेदाणा निवडत होते. काळा डाग असलेला बाजूला, चांगला बाजूला. आमचंच काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाने धुतलेला शर्ट घातला. मी त्याला म्हटलं, "निदान पोरीकडं बघून..." तो म्हणाला, "वाढ भाकरी." भाकरी तशीच ठेवून तो गेला. मी मागोमाग.

कोर्टाची खोली लहान, पंखा आवाज करणारा. जज्ज बाई होत्या, चष्मा नाकावर, कामाची घाई. अण्णा पहिल्या बाकावर, शेजारी सुलूताई. मी मागे दाराजवळ. वकिलाने सदाच्या कानाला लागून सांगितलं, तेसुद्धा मला ऐकू आलं, "एकच शब्द. कबूल. पुढं तोंड उघडायचं नाही."

बाईंनी आरोप वाचून दाखवला. निष्काळजीपणाने वाहन उभं करून मृत्यूस कारण. "समजलं? गुन्हा कबूल आहे?"

"कबूल हाय, बाईसाहेब."

मी भिंतीला हात लावला.

"पर एकट्याचा न्हाई," सदा म्हणाला.

वकिलाने त्याच्या बाहीला हिसका दिला. सदाने बाही सोडवून घेतली.

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे काय?"

"गाडीच्या गिअरात खोट हाय म्हनून कंपनीचा फोन आला हुता. लग्नाच्या आदी. मला ठावं हुतं आन् मी गाडी चालवली. तेवढा माजा गुन्हा, तो कबूल. पर मी त्याच सांजंला अण्णांस्नी सांगितलं हुतं. अण्णा म्हनले लगीन झाल्यावर ने. त्यो माजा न्हाई. त्यो ज्याचा हाय त्यानं कबूल करावा."

"मॅडम, आरोपी गोंधळलेला आहे," वकील उठला. "अशिक्षित माणूस..."

"तुम्ही बसा." बाई सदाकडे वळल्या. "हे बघा, असं वाटून घेतलेलं कबूल इथं चालत नाही. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

सदाने अण्णांकडे बघितलं. चौदा वर्षांच्या नोकरीत त्याने गाडीच्या आरशातून बघितलेला चेहरा, सरळ समोरून. त्याने हात मागे बांधले.

"मग न्हाई," तो म्हणाला.

"गुन्हा नाकबूल," बाई टायपिस्टला म्हणाल्या. "पुढची तारीख द्या."

एवढंच झालं. संध्याकाळी गडी येऊन आमची खोली रिकामी करून गेला. केस पुढे चार वर्षं चालली. शोरूमचा शिंत्रे समन्स निघाल्यावर आला आणि खरं तेवढंच बोलला, फोन ड्रायव्हरला केला होता. अण्णांनी शपथेवर सांगितलं, मला आठवत नाही. शेवटी दांडा कुठे होता हे कुणालाच सिद्ध करता आलं नाही आणि संशयाचा फायदा देऊन सदाला सोडलं. त्याने परत स्टीअरिंगला हात लावला नाही. हातगाडीवर केळी विकतो. अण्णांचं काही झालं नाही, गाडी बनवणाऱ्यांचं तर कुणी नावही काढलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना आम्ही दोघं व्हरांड्याच्या कडेला उभे होतो. सदाला पाणी पाहिजे होतं आणि नळाला पाणी नव्हतं. अण्णा पुढून भराभर निघाले होते. सुलूताईंनी त्यांना जिन्याच्या तोंडाशी गाठलं. आवाज चढवला नाही.

"शशी, कसला फोन?"

"घरी चल. घरी बोलू."

"कसला फोन आला होता?"

अण्णा एक पायरी उतरले. ताईंनी त्यांचा दंड धरला. आमच्याकडे बघितलंही नाही, बाजूने जाणाऱ्या वकिलांची त्यांना पर्वा नव्हती.

"तो खोटं बोलतोय, एवढंच म्हण," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नको. एवढंच म्हण शशी, माझा विश्वास आहे."

अण्णा पायरीकडे बघत उभे राहिले.

"म्हण ना," ताई म्हणाल्या.